सहा वर्षांच्या मुलाच्या टॉन्सिलवर पांढरे ठिपके: स्ट्रेप कसा ओळखायचा, आणि अमॉक्सिसिलिन नेमकं किती मिली?

घोडबंदरकर | शनिवार, सकाळी ९.१०

मुलगा ६ वर्षांचा, वजन १८ किलो. काल दुपारी शाळेतून आला तेव्हाच अंग तापलेलं होतं, रात्री १०२.४. गिळताना इतकं दुखतंय की पाणीसुद्धा नको म्हणतो. पोटात दुखतंय, सकाळी एकदा उलटी झाली. खोकला नाही, नाक वाहत नाही. टॉर्चने पाहिलं तर दोन्ही टॉन्सिल सुजून लालभडक, उजव्यावर पांढरे ठिपके. त्याच्या स्कूल व्हॅनमधल्या एका मुलीला गेल्या आठवड्यात स्ट्रेप (घशाला होणारा ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग) निघाला होता.

काळजी आणखी दोघींची. धाकटी २ वर्षांची, तिला चार दिवसांपासून सर्दी आहे. आणि मुलाची आत्या, वय २४. तिला लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप (स्ट्रेपच्या घशानंतर सांधे आणि हृदयाला येणारी सूज) येऊन हृदयाची झडप खराब झालेली आहे, दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असतं.

हे स्ट्रेपच आहे हे घरी कितपत कळतं? आधी टेस्ट की आधी औषध? कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने अझिथ्रोमायसिनचं तीन दिवसांचं औषध देऊ केलं होतं, अजून घेतलेलं नाही. डॉक्टरांची साडेअकराची वेळ मिळाली आहे.

बालरोग_नौपाडा | सकाळी ९.३८

घेतलं नाहीत ते बरं केलंत. साडेअकरापर्यंत त्याला औषधाचा एकही डोस देऊ नका, ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सोडून. कारण खाली पेट्रीडिश सांगतीलच.

पांढरे ठिपके म्हणजे स्ट्रेप, असं नाही. ॲडिनोव्हायरसमध्ये टॉन्सिल याहूनही पांढरे दिसतात. शाळकरी वयातले दहा दुखरे घसे घेतले तर त्यातले दोन-तीन स्ट्रेपचे, बाकीचे व्हायरसचे. नुसतं घशात डोकावून निदान करायला गेलं तर मुरलेला डॉक्टरही चुकतो. म्हणून एका खुणेवर न जाता सगळं एकत्र पाहायचं.

स्ट्रेप येतो तो एकदम. सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी फणफणतं. गिळायला त्रास, डोकेदुखी, लहान मुलांत पोटदुखी आणि उलटी (यामुळे पुष्कळदा आधी अपचनाचंच औषध दिलं जातं). टॉन्सिल सुजलेले, पडजीभ लाल, मागच्या मऊ टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. हे टाळूवरचे ठिपके टॉन्सिलवरच्या पांढऱ्यापेक्षा जास्त बोलके असतात. जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या पुढच्या बाजूला गाठी फुगतात आणि दाबल्यावर दुखतात. त्या तुम्हाला आत्ता घरी तपासता येतील: त्याला समोर बसवा, दोन बोटांची टोकं दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीखालून हनुवटीकडे हलकेच फिरवा. नुसती गाठ लागणं मुलांत नेहमीचंच, ती दुखते का हे महत्त्वाचं.

अंगावर पुरळ आहे का तेही बघा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, हात फिरवून कळतं: पोट-छाती पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते, काखेत, जांघेत आणि कोपराच्या घडीत जास्त. जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार झालेली असते. हाच स्कार्लेट फिव्हर. नाव भीतीदायक आहे, उपचार तोच.

उलट बाजूच्या खुणाही तितक्याच कामाच्या. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज, डोळे येणं, जुलाब, तोंडात फोड यातलं काही असेल तर व्हायरसकडे झुकायचं. पावसाळ्यात इथल्या शाळांमधून हात-पाय-तोंडाचा आजार फिरत असतो. त्यातही मूल गिळत नाही, पण टाळूवर फोड असतात आणि तळहात-तळपायांवर पुरळ. ताप नाही, घसा नुसता खवखवतो, शिंका येतात, तर घोडबंदर रोडची धूळ आणि ॲलर्जी.

मॅकआयझॅक स्कोअर म्हणून एक सोपा हिशेब आहे. ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ च्या वर, खोकला नाही, मानेच्या गाठी दुखतात, टॉन्सिल सुजलेले किंवा त्यावर पांढरं, वय ३ ते १४: प्रत्येकी एक गुण. तुमच्या मुलाचे गाठी न धरता चार झाले. पण चार-पाच गुण मिळालेल्यांतही स्ट्रेप साधारण निम्म्यांनाच निघतो. टेस्ट कुणाची करायची एवढंच हा स्कोअर सांगतो, औषध कुणाला द्यायचं ते नाही. इथेच सगळे घसरतात.

लगेच हॉस्पिटल गाठावं अशी लक्षणं: लाळ गळते, तोंड उघडत नाही, तोंडात गरम घास धरल्यासारखा घोगरा आवाज, मान एका बाजूला धरलेली, श्वास घेताना आवाज. टॉन्सिलशेजारी किंवा घशामागे पू साठल्याची ही चिन्हं आहेत. आठ-दहा तास लघवी नसेल तरीही. अशा वेळी घशात चमचा घालून बघत बसू नका. ठाण्याहून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा जवळचं २४ तास चालणारं मुलांचं हॉस्पिटल.

आणि ठिपक्यांऐवजी राखाडी, चिवट पडदा दिसला, पुसायला गेलं की रक्त येतं, मान सुजलेली आहे, तर घटसर्पाचा विचार आधी. १६ ते २४ महिन्यांचा आणि ५ ते ६ वर्षांचा डीपीटी बूस्टर झालाय का ते लसीच्या कार्डावर बघून ठेवा. पहिलीतल्या मुलांचा दुसरा बूस्टर हटकून राहिलेला असतो.

पेट्रीडिश | सकाळी १०.०५

स्वॅबचं, म्हणजे घशातून काडीने घेतात त्या नमुन्याचं बोलते.

अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेले की कल्चरमध्ये (स्वॅबमधला जंतू लॅबच्या प्लेटवर वाढवून बघतात त्यात) जंतू उगवेलच याची खात्री नाही. रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि मग तो आजार नव्हता की औषधाने दबला, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून स्वॅब आधी. सकाळी बीटाडीनच्या गुळण्याही नकोत.

स्वॅब दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर चांगला घासून घ्यायचा. मुलाला उबळ आली पाहिजे. नाही आली तर बहुधा स्वॅब जिभेवरच फिरला. जीभ आणि गालाला लागला की लाळेतले जंतू भरतात आणि स्ट्रेप पातळ होतो. आईने किंवा बाबांनी मांडीवर घ्यावं, एका हाताने दोन्ही हात, दुसऱ्याने कपाळ धरावं. पाच सेकंदांचं काम आहे.

रॅपिड टेस्ट असेल तर उत्तर ५ ते १० मिनिटांत मिळतं. सगळ्या दवाखान्यांत ती नसते, फोन करून विचारून घ्या. पॉझिटिव्ह आली तर साधारण खरीच धरायची. निगेटिव्ह आली तर मुलांमध्ये कल्चर करून पक्कं करतात, कारण स्वॅबवर जंतू कमी असले तर रॅपिड चुकते. किटवर जितकी मिनिटं लिहिलीत तेवढ्यातच वाचायची. अर्ध्या तासाने उमटलेली पुसट रेघ मोजायची नाही.

कल्चरला पहिली बातमी १८ ते २४ तासांत. निगेटिव्ह प्लेट आणखी एक रात्र ठेवतात, म्हणून पक्का रिपोर्ट ४८ तासांनी. रक्त घातलेल्या आगारवर (प्लेटमधला जंतू वाढवायचा थर) या जंतूच्या वसाहतीभोवती रक्त विरघळून स्वच्छ पारदर्शक कडं दिसतं, मग ग्रुप ए आहे का ते बॅसिट्रॅसिन किंवा पीवायआर टेस्टने ठरवतात. फॉर्मवर नुसतं ‘थ्रोट स्वॅब’ लिहू नका, ‘ग्रुप ए स्ट्रेप आहे का’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. उद्या रविवार आहे, प्लेट वाचायला कुणी असतं का हेही लॅबला आत्ताच विचारा.

रिपोर्टमध्ये ‘क्लेबसिएला’ किंवा ‘स्टॅफ ऑरियस’ उगवल्याचं आलं आणि पुढे औषधांची लांबलचक यादी दिसली तर घाबरू नका. हे जंतू घशात मुक्कामाला असतात, साध्या घसादुखीशी त्यांचा बहुतेक वेळा संबंध नसतो. त्या यादीतलं भारी औषध सुरू करणं ही फार नेहमीची चूक आहे.

ऐरोली_सेक्टर८ | सकाळी १०.२२

स्वॅबपेक्षा रक्ताची एएसओ टेस्ट करून घेतलेली बरी ना? आमच्याकडे तीच सांगतात. ४०० आली तर पेनिसिलिन.

पेट्रीडिश | सकाळी १०.३१

नाही. एएसओ म्हणजे स्ट्रेपशी आधी झालेल्या गाठीची पावती. ती वाढायला आठवडा जातो, सर्वात वर पोचते तीन ते सहा आठवड्यांनी आणि नंतर महिनोन्‌महिने उतरत नाही. कालपासून दुखणाऱ्या घशाबद्दल ती काहीच सांगत नाही. आज ४०० आली तर ती दोन महिन्यांपूर्वीच्या घशाचीही असू शकते. शाळकरी मुलांत २०० च्या वरचे आकडे काही आजार नसतानाही सापडतात. ऱ्हुमॅटिक ताप किंवा किडनीची सूज असा संशय असेल तेव्हा तिचा उपयोग, तेव्हा मागचा पुरावा हवा असतो. नुसत्या एएसओवर मुलाला महिनोन्‌महिने पेनिसिलिन टोचत राहणं चूक आहे.

औषधमात्रा_वाशी | सकाळी १०.५०

स्ट्रेप निघाला तर औषध कुठलं हा प्रश्न सोपा आहे. घोळ होतो तो मिलीत.

साधं अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्याच गटातलं. ग्रुप ए स्ट्रेपवर पेनिसिलिन आजही लागू पडतं. क्लॅव्ह (क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड) घातलेलं लागत नाही, कारण क्लॅव्ह ज्या एन्झाइमला अडवतं ते हा जंतू बनवतच नाही. जुलाब तेवढे वाढतात. सेफिक्झिमही नको, गरजेपेक्षा मोठी तोफ आहे. ते शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत येतं, चिठ्ठीशिवाय देणाऱ्या दुकानदाराने नियमही मोडलेला असतो.

मात्रा दिवसाला किलोमागे ५० मिग्रॅ, एकदम (जास्तीत जास्त १००० मिग्रॅ) किंवा दोन भागांत (एका वेळी जास्तीत जास्त ५००). दहा दिवस. १८ किलोला ९०० मिग्रॅ, म्हणजे ४५० सकाळी, ४५० रात्री.

आता बाटली. सिरप दोन ताकदींत मिळतं, ५ मिलीत १२५ आणि ५ मिलीत २५०. खोकी जवळजवळ सारखी. २५० चं असेल तर एका वेळी ९ मिली, १२५ चं असेल तर १८ मिली. चिठ्ठीवर नुसतं ‘एक चमचा तीनदा’ असेल आणि दुकानातून १२५ चं आलं तर दिवसाला ३७५ मिग्रॅ पोटात जातं, निम्म्याहूनही कमी. मग ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून पुढचं भारी औषध सुरू होतं.

दहा दिवसांना ९ गुणिले २० म्हणजे १८० मिली. ३० मिलीच्या सहा बाटल्या किंवा ६० च्या तीन. एक बाटली घेऊन घरी आलात तर कोर्स दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच संपतो, आणि तेव्हा ताप उतरलेला असल्याने दुसरी आणायला कुणी जात नाही. अर्धवट कोर्सचं खरं कारण बहुतेक घरांत हेच.

पावडर कालवताना आधी बाटली तळहातावर आपटून पावडर सुटी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, किंवा सोबत पाण्याची कुपी असेल तर तेच. निम्मं घालून हलवा, मग बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरा. फेस खाली बसू द्या, मग पुन्हा खूण बघा. फेसालाच पाणी समजून थांबलं की औषध घट्ट होतं आणि मिली कमी पडतात. गळ्यापर्यंत भरणारेही असतात, त्यांचं पातळ होतं. लेबलावर कालवल्याची तारीख पेनाने लिहा. कालवलेलं औषध फ्रिजमध्ये, लेबलावर लिहिलेत तेवढेच दिवस, साधारण सात. म्हणून तिन्ही बाटल्या एकदम कालवायच्या नाहीत. दर वेळी बाटली हलवायची.

मोजायला १० मिलीची सिरिंज, सुईशिवाय. घरातला चमचा ३ मिलीचाही निघतो आणि ७ चाही. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा. दिल्यावर १५-२० मिनिटांत सगळं ओकलं तर तेवढाच डोस पुन्हा.

पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे याला २७० मिग्रॅ. ५ मिलीत २५० असलेलं सिरप साडेपाच मिली, १२० असलेलं ११ मिली. दोन डोसांत किमान ४ तास, दिवसात चार वेळा पुरे. डेंग्यूचे दिवस आहेत, तेव्हा डेंग्यू नाही असं डॉक्टरांनी म्हणेपर्यंत आयब्युप्रोफेन टाळा. ॲस्पिरिन तर मुलांना नाहीच.

मेडिकलवाल्याने देऊ केलेलं तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन स्ट्रेपला अपुरं पडतं. ज्यांना पेनिसिलिनची खरी, म्हणजे लगेच गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं अशी ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ते राखून ठेवलेलं आहे, आणि तेही किलोमागे १२ मिग्रॅ रोज एकदा, पाच दिवस. शिवाय या गटाच्या औषधांना दाद न देणारा स्ट्रेप सापडतो. तेव्हा अझिथ्रो देण्याची वेळ आलीच तर लॅबला त्याची सेन्सिटिव्हिटी (जंतूवर ते लागू पडतं का ही तपासणी) लावायला सांगायची.

बालरोग_नौपाडा | सकाळी ११.०२

मात्रेला पूर्ण अनुमोदन. दोन गोष्टी जोडतो.

दहा दिवस तोंडी औषध होणार नाही अशी खात्रीच असेल (मूल सगळं थुंकतं, गावाला जायचंय) तर बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन. २७ किलोच्या आत ६ लाख युनिट, त्यावर १२ लाख. दुखतं खूप, पण कोर्स एका टोच्यात संपतो.

रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का? एरवी मी थांबा म्हणेन. लक्षणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांत औषध सुरू झालं तरी ऱ्हुमॅटिक ताप टळतो, एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही. तुमच्या घरात मात्र झडप खराब असलेली व्यक्ती आहे, व्हॅनमधला संपर्क आहे आणि रविवार मध्ये आला. अशा वेळी स्वॅब घेऊन लगेच सुरू करणं आणि कल्चर निगेटिव्ह आलं तर निःसंकोच बंद करणं मला पटतं.

पेट्रीडिश | सकाळी ११.०९

‘निगेटिव्ह आलं तर बंद’ हे कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात ताप उतरलेला असतो, श्रेय औषधाला जातं आणि कुणी बंद करत नाही. रॅपिड टेस्ट मिळत असेल तर पाऊण तास गाडी चालवून जावं लागलं तरी तीच करा. बाकी या घरापुरतं तुमचं म्हणणं मान्य.

घोडबंदरकर | सोमवार, रात्री ८.४०

आभार. रॅपिड मिळाली नाही. स्वॅब देऊन शनिवारी दुपारीच अमॉक्सिसिलिन सुरू केलं, २५० चं, ९ मिली दोनदा. आज कल्चर पॉझिटिव्ह, ग्रुप ए. ताप काल रात्रीपासून नाही, वरण-भात खातोय. शाळेत कधी पाठवायचं? धाकटी आणि आत्या यांचं काय? आजी आइस्क्रीम देऊ देत नाहीत, तो मात्र तेच मागतोय.

बालरोग_नौपाडा | रात्री ९.१५

उद्या पाठवा. औषधाचे १२ ते २४ तास झाले आणि ताप गेला की तो इतरांना देत नाही. व्हॅनवाल्यांना आणि वर्गशिक्षिकेला कळवा, म्हणजे दुसऱ्या मुलाचा घसा दुखला तर पालक सर्दी समजून सोडणार नाहीत.

धाकटीला नुसती सर्दी आहे, तर टेस्ट नको. तीन वर्षांखाली स्ट्रेपचा घसा कमीच होतो आणि त्या वयात ऱ्हुमॅटिक ताप तर फारच विरळा. तिला ताप आला, खाणं सुटलं, तर घरात रुग्ण असल्याने तिचा स्वॅब घेण्यात अर्थ आहे.

आत्याचं इंजेक्शन चालू आहे हेच तिचं संरक्षण. पुढची तारीख एक दिवसही पुढे ढकलू नका. शेवटच्या दिवसांत औषधाची रक्तातली पातळी खाली आलेली असते. पेला-चमचा वेगळा ठेवा. तिचा घसा दुखला तर त्याच दिवशी दाखवा. घरात ऱ्हुमॅटिकचा रुग्ण असताना बाकीच्यांना लक्षणं नसली तरी स्वॅब घ्यावा का, हे तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. इतर घरांत मी तसं करत नाही. शाळकरी मुलांपैकी कितीतरी जणांच्या घशात हा जंतू काही न करता बसलेला असतो, त्यांना औषध लागत नाही. याच कारणाने कोर्स संपल्यावर याचाही पुन्हा स्वॅब नको.

आइस्क्रीम द्या, खुशाल. गार पदार्थाने दुखणं बधिर होतं, स्ट्रेप वाढत नाही. पेज, कोमट वरण, दही-भात काहीही चालेल. आंबट सरबतं झोंबतात, ती चार दिवस राहू देत. गुळण्या त्याला जमत असतील तर कोमट मिठाच्या पाण्याच्या. जमत नसतील तर जबरदस्ती नको. मध चालेल, एक वर्षाखालच्या बाळाला तेवढा नको.

पुढचे तीन-चार आठवडे दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. लघवी कोऱ्या चहासारखी होणं, सकाळी डोळ्यांभोवती सूज: ही किडनीची बाजू, साधारण दहा दिवसांनी दिसते आणि औषध वेळेवर घेतलं तरी कधीकधी होते. एक सांधा सुजून बरा होतो, मग दुसरा धरतो, किंवा खेळताना धाप लागते: ही ऱ्हुमॅटिकची.

औषध चालू असताना पाचव्या-सातव्या दिवशी अंगावर सपाट, न खाजणारं पुरळ आलं तर ती ॲलर्जीच असेल असं नाही. डॉक्टरांना दाखवूनच पुढचा डोस ठरवा. आयुष्यभरासाठी ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असा शिक्का कार्डावर सहज बसतो, पुसायला कठीण जातो.

ऐरोली_सेक्टर८ | रात्री ९.३०

टूथब्रश बदलायचा ना?

बालरोग_नौपाडा | रात्री ९.३४

बदलला तर वीस रुपये गेले. नाही बदलला तरी दहा दिवसांच्या औषधाने काम होतं. ब्रश एकाच पेल्यात ठेवत असाल तर याचा वेगळा ठेवा.

औषधमात्रा_वाशी | रात्री ९.५२

घोडबंदरकर, ६० च्या तीन बाटल्या घेतल्या असतील तर हिशेब बरोब्बर १८० चा होतो. पण बाटलीच्या तळाशी आणि सिरिंजमध्ये थोडं थोडं चिकटून राहतं, एखादा डोस तो थुंकतो. पुढच्या सोमवारी रात्रीचा डोस शेवटचा, तेव्हा बाटलीत तीन-चार मिलीच निघतील. त्यासाठी चौथी बाटली फोडू नका. डॉक्टरांना विचारून अमॉक्सिसिलिनच्या पाण्यात विरघळणाऱ्या २५० च्या दोन गोळ्या आताच आणून ठेवा. दोन्ही मिळून ५०० होतात, एका वेळेच्या मर्यादेतच. बाटलीत उरलेल्या औषधाऐवजी या चमचाभर पाण्यात विरघळवून लगेच द्यायच्या, विरघळवून ठेवायच्या नाहीत.